रॅम खराब आहे, असं म्हणण्याआधी

आजचा भाग ज्यांनी ऐकला त्यांच्यासाठी, आणि ज्यांचा दिवसाचा डेटा संपला म्हणून ऐकता आला नाही त्यांच्यासाठीही, हा लिखित मजकूर. बोलताना जे 'अं… म्हणजे…' झालं ते काढून टाकलंय. बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे नव्याने जोडलेल्या डेस्कटॉपमधला रॅमचा त्रास. तुमच्यातल्या बऱ्याच जणांकडे डेस्कटॉप नाहीच, सगळं फोनवर चालतं, हे मला माहितीये. तरी ऐका. कारण गावातला कुणीतरी भाऊ, मित्र, शेजारी पीसी जोडतो आणि अडला की फोन तुम्हालाच करतो. मलाही तसाच फोन आला होता.

फोन आला तेव्हा

ढोकीला माझा मावसभाऊ आहे. स्टँडजवळ त्याचं छोटं दुकान. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो, थोडंफार बॅनरचं डिझाईन. जुना पीसी पार थकला होता म्हणून आम्ही दोघांनी मिळून नवा जोडला. पार्ट लातूरच्या एका दुकानातून आणले. बाराव्या पिढीचा आय-फाईव्ह, चार स्लॉटचा डीडीआर-४ मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम स्टिक, एसएसडी आणि वेगळा घेतलेला कूलर. पीसी चालू झाला, विंडोज टाकलं, पेढे वाटले, मी माझ्या कामाला परत आलो.

चौथ्या दिवशी फोन. जुलै महिना, पीक विम्याचे फॉर्म भरायची घाई. दुकानात सातबारा, आठ-अ, पासबुकाची झेरॉक्स आणि पेऱ्याचं स्वयंघोषणापत्र घेऊन माणसं रांगेत उभी.

"दादा, हा निळा पडदा यायलाय सारखा. आणि स्कॅन केलेली फाईल अपलोडच होईना. करप्ट आहे म्हणतंय."

"सगळ्याच फाईली?"

"नाही ना! तीच फाईल परत स्कॅन केली की जाते. मधीच एखादी अडकते."

हे 'मधीच एखादी' फार महत्त्वाचं आहे. एखादा पार्ट पूर्ण मेला की शोधणं सोपं जातं. जो कधी चालतो, कधी चालत नाही, तो माणसाला रडवतो.

आधी रॅम म्हणजे काय, दोन मिनिटांत

एसएसडी म्हणजे कपाट आणि रॅम म्हणजे ओटा. काम करायचं सामान कपाटातून काढून ओट्यावर मांडतो, काम झालं की परत ठेवतो. लाइट गेली की ओटा रिकामा.

आता हा ओटा बनलाय कशाचा? अतिशय बारीक अशा कोट्यवधी कपॅसिटरांचा. प्रत्येकात एक थेंब वीज. थेंब असेल तर १, नसेल तर ०. ही एका बिटला एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर अशी रचना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी काढली. त्याचं पेटंट १९६८ सालचं आहे. गंमत अशी की हे सगळे कपॅसिटर गळके असतात. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक खण वाचून पुन्हा भरावा लागतो. म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा. गळक्या घागरी सतत भरत राहायच्या, आणि एकही चुकवायची नाही.

त्यात एखादी घागर चुकली तर? तर १ चा ० होतो किंवा ० चा १. त्याला बिट उलटणं म्हणतात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण एक उदाहरण बघा. संगणकात प्रत्येक अक्षराला, प्रत्येक आकड्याला एक कोड असतो. '१' आणि '९' यांच्या कोडमध्ये फक्त एका बिटचा फरक आहे. इंग्रजी आकडे घ्या नाहीतर देवनागरी, दोन्हीकडे हेच. म्हणजे एक बिट उलटला की खाते क्रमांकातल्या १ चा ९ होऊ शकतो. आणि संगणक काहीही बोलणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने ९ हा पण बरोबर आकडाच आहे.

२००३ साली बेल्जियममधल्या स्कारबेक इथे निवडणुकीत एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त पडली. ती शक्य असलेल्या मतांपेक्षाही जास्त होती, म्हणून चूक सापडली. ४०९६ म्हणजे २ चा बारावा घात, म्हणजे नेमका एक बिट. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे तो उलटला असावा असा तर्क केला गेला, पण सिद्ध काही झालं नाही.

म्हणून भावाला मी पहिली गोष्ट सांगितली: "निळ्या पडद्याचं जाऊ दे. आधी त्या मशीनवर फॉर्म भरणं बंद कर. जुना पीसी लाव."

तो वैतागला. बाहेर रांग होती. पण ऐकलं.

ही लक्षणं रॅमकडे बोट दाखवतात

ढोकीला पोहोचल्यावर आम्ही काय काय बिघडतंय त्याची यादी केली. तुम्हीही अशीच करा, कागदावर.

निळ्या पडद्यावर दर वेळी वेगळं नाव येतं. एकदा 'मेमरी मॅनेजमेंट', एकदा 'पेज फॉल्ट', एकदा तिसरंच. एखादा ड्रायव्हर बिघडला असेल तर शक्यतो तेच तेच नाव येतं.

ब्राउझरचा टॅब आपोआप मरतो. झिप फाईल उघडताना एरर येतो, आणि तीच फाईल परत उघडली की उघडते. विंडोज टाकतानाच मध्ये अडकतं. १६ जीबी लावली असून बायॉसमध्ये ८ दिसते. किंवा पंखे फिरतात, पण स्क्रीनवर काहीच येत नाही.

शेवटचं लक्षण असेल तर बोर्डाकडे बघा. बऱ्याच नव्या बोर्डांवर चार छोटे दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. यातला डीरॅमचा दिवा लागून राहिला तर बोर्डाला रॅम सापडत नाहीये किंवा ती नीट चालत नाहीये. एक सूचना: डीडीआर-५ चा नवा पीसी पहिल्यांदा चालू करताना काही मिनिटं काळाच दिसू शकतो. बोर्ड त्या वेळी रॅमशी वेग जुळवून घेत असतो. तेव्हा घाबरून बटन दाबू नका. चहा पिऊन या.

सगळ्यात स्वस्त उपाय सगळ्यात आधी

पैसे न लागणारे उपाय आधी करायचे, हा नियम.

पहिला उपाय, रॅम काढून परत बसवणं. पीसी बंद, एसएमपीएसचं बटन बंद, वायर भिंतीतून काढलेली. मग कॅबिनेटचं पॉवर बटन चार-पाच सेकंद दाबून धरायचं, आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. स्टिक कडेला धरायची, सोनेरी टोकांना बोट लावायचं नाही. खाच जुळवायची आणि दोन्ही बाजूंनी सरळ दाबायचं. क्लिप 'टक्' आवाज करून बसली पाहिजे. काही बोर्डांवर एकाच बाजूला क्लिप असते, त्यात दुसरी बाजू अर्धवट राहते आणि आपल्याला कळतही नाही. जोर लागतो. पहिल्यांदा बसवणाऱ्याला वाटतं बोर्ड मोडेल. सरळ दाबलं तर मोडत नाही.

डीडीआर-४ आणि डीडीआर-५ दोन्हींना २८८ टोकं असतात, पण खाच वेगळ्या जागी असते. बसत नसेल तर जोर करू नका, डब्यावरचं नाव वाचा.

दुसरा उपाय, बरोबर स्लॉट. चार स्लॉट आणि दोन स्टिक असतील तर बहुतेक बोर्डांवर सीपीयूपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा. त्यांची नावं ए-२ आणि बी-२. शेजारी शेजारी दोन स्लॉट भरणं ही नव्या माणसाची नेहमीची चूक. आपल्या बोर्डाचं पुस्तक एकदा बघाच.

तिसरा उपाय, एक्सएमपी बंद करणं. रॅमच्या डब्यावर मोठ्या अक्षरात ३६०० लिहिलेलं असतं. पण ती स्टिक आपणहून त्या वेगाने धावत नाही. बायॉसमध्ये एक्सएमपी चालू करावं लागतं, एएमडीच्या डीडीआर-५ बोर्डांवर त्यालाच एक्सपो म्हणतात. आमच्या सीपीयूसाठी डीडीआर-४ चा अधिकृत वेग ३२०० आहे. ३६०० ला बहुतेक वेळा चालतं, पण ती हमी नाही. बायॉसमध्ये जाताच येत नसेल तर बोर्डावरची नाण्यासारखी गोल बॅटरी पाच-दहा मिनिटं काढून ठेवा, अर्थात वायर काढलेली असताना. सेटिंग मूळच्या जागी येतात.

आम्ही तिन्ही केलं. एक्सएमपी बंद केल्यावर निळा पडदा कमी झाला. पण गेला नाही.

गोरोबाकाकांचं थापटणं

आता चाचणी. ढोकीच्या शेजारीच तेर आहे, संत गोरा कुंभारांचं गाव. त्यांची ती गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. संतमंडळी जमलेली असताना मुक्ताबाईंनी विचारलं, हे थापटणं कशासाठी? काका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं हे बघायला. आणि मग त्यांनी एकेका संताच्या डोक्यावर थापटून पाहिलं, तेव्हा नामदेव कच्चे ठरले. रॅमची चाचणी म्हणजे हेच. प्रत्येक मडक्यावर थापटायचं, एकही सोडायचं नाही.

विंडोजमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक' नावाचं साधन असतंच. पहिल्या तपासणीला चांगलं. पण ते 'सगळं ठीक' म्हणालं म्हणून विश्वास ठेवू नका, बारीक चुका त्यातून सुटतात. खरी तपासणी 'मेमटेस्ट-८६ प्लस' ने करायची. ख्रिस ब्रेडी यांनी १९९० च्या दशकात लिहिलेल्या मूळ मेमटेस्टची ही शाखा. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, आणि २०२२ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून आजकालच्या बायॉसवरही चालते. दुसऱ्या चांगल्या पीसीवर पेनड्राइव्हमध्ये टाकायची आणि पेनड्राइव्हवरून पीसी चालू करायचा. ती प्रत्येक खणात वेगवेगळे नमुने लिहिते, परत वाचते आणि जुळतात का ते बघते.

किती वेळ? घाई करू नका. निदान चार फेऱ्या, जमलं तर रात्रभर. इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर लावा, कारण मध्ये लाइट गेली तर सगळं पहिल्यापासून. आमची पहिली रात्र तशीच वाया गेली.

आणि किती चुका चालतील? शून्य. 'दोनच आल्यात, चालतंय' असं नसतं. लाल ओळ एक आली तरी नापास.

आमच्याकडे पहिल्याच फेरीत लाल ओळींची रांग लागली.

माझी चूक

लाल ओळी बघितल्या आणि मी लगेच लातूरच्या दुकानदाराला फोन लावला. आवाज चढवूनच बोललो. "माल खराब दिलात तुम्ही. इथे माणसं रांगेत उभी आहेत." तो शांतपणे म्हणाला, "साहेब, एकेक स्टिक, एकेक स्लॉटमध्ये लावून बघितली का? बघा आणि सांगा. खराब निघाली तर बदलून देतो."

मी बघितली नव्हती. दोन्ही एकदम लावून तपासलं होतं. मेमटेस्टवर 'मेमरी एरर' दिसलं म्हणून मेमरीच खराब, असं धरून चाललो होतो.

फोन ठेवला आणि वहीत चार ओळी आखल्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी काही हलवायचं नाही.

पहिली स्टिक, ए-२ स्लॉट: पास.
दुसरी स्टिक, ए-२ स्लॉट: पास.
पहिली स्टिक, बी-२ स्लॉट: नापास.
दुसरी स्टिक, बी-२ स्लॉट: नापास.

आता बघा. दोन्ही स्टिक ए-२ मध्ये चांगल्या आणि दोन्ही बी-२ मध्ये वाईट. म्हणजे चूक स्टिकसोबत फिरत नाहीये, ती स्लॉटपाशी थांबलीये. मडकी पक्की होती. ती ठेवलेली जागा वाकडी होती.

हे उलटं आलं असतं, म्हणजे एकच स्टिक दोन्हीकडे नापास झाली असती, तर सरळ बिल आणि डबा घेऊन लातूर गाठायचं. आणि प्रत्येक स्टिक कुठेही एकटी पास, पण दोन्ही मिळून नापास असं आलं, तर वेग कमी करून बघायचा. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या किंवा वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या स्टिक एकत्र लावल्या की असं होऊ शकतं. म्हणून दोन्ही एकाच डब्यातल्या घ्याव्यात.

स्लॉट खराब, की त्याच्याही मागे काही?

भाऊ म्हणाला, "म्हणजे बोर्ड गेला का दादा?"

मलाही तेच वाटलं. पण एकदा फोनवर आवाज चढवून झाला होता, म्हणून या वेळी थांबलो.

रॅमचा रस्ता कसा आहे ते लक्षात घ्या. रॅमला चालवणारा मेमरी कंट्रोलर आता बोर्डावर नसतो, सीपीयूच्या आत असतो. सीपीयूमधून संकेत निघतो, सॉकेटच्या टोकांतून बोर्डात जातो, बोर्डाच्या तारांतून स्लॉटमध्ये, आणि तिथून स्टिकमध्ये. आमच्या सॉकेटला अशी १७०० टोकं आहेत. यातलं एखादं नीट टेकलं नाही तर एका बाजूच्या स्लॉटना त्रास होतो. मेमटेस्टला एवढा रस्ता दिसत नाही. त्याला फक्त शेवटी चुकीचं उत्तर मिळाल्याचं दिसतं.

आणि टोकं न टेकायचं नवशिक्यांकडून होणारं एक कारण म्हणजे कूलर. आमचा कूलर चार स्क्रूंचा होता. बसवताना मी एक स्क्रू पार आवळला, मग दुसरा, मग तिसरा. हे मीच केलं होतं, भावाने नाही. असं केलं की दाब एका कोपऱ्यावर जास्त पडतो आणि समोरचा कोपरा किंचित उचलला जातो.

कूलर काढला. सीपीयू काढला. फोनचा टॉर्च तिरका धरून सॉकेटचे फोटो काढले आणि झूम करून बघितले. टोकांच्या रांगा शेतातल्या सरीसारख्या सरळ दिसल्या पाहिजेत. एखादं वाकलं असेल तर त्याची चमक वेगळी दिसते. आमची सरळ होती. वाकलेलं दिसलं असतं तर आम्ही हात लावला नसता, कारण सुईने सरळ करायला गेलं की ते तुटतं.

जुनी थर्मल पेस्ट पुसली, सीपीयू परत ठेवला, नवी पेस्ट लावली. या वेळी स्क्रू तिरके: एक थोडा, मग त्याच्या समोरच्या कोपऱ्यातला थोडा, असे आळीपाळीने. गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे. पूर्ण दाबून नाही, अडेपर्यंत.

दोन्ही स्टिक ए-२ आणि बी-२ मध्ये. मेमटेस्ट चालू. रात्री दहाला लावलं. सकाळी भाऊ दुकान उघडायला गेला आणि तिथून फोटो पाठवला. चार फेऱ्या पूर्ण, चुका शून्य. मग एक्सएमपी चालू करून आणखी एक रात्र. तरीही शून्य. पण तो पीसी दुकानाचा आहे, गेम खेळायचा नाही, म्हणून आम्ही ३२०० वरच ठेवला.

कूलर नीट बसवूनही बी-२ नापासच राहिला असता, तर मग बोर्ड किंवा सीपीयू. ते घरी ठरवता येत नाही, दुसरा सीपीयू लावून बघावं लागतं. अशा वेळी वहीतल्या त्या चार ओळी दुकानात दाखवायच्या. 'चालत नाही' म्हणणाऱ्यापेक्षा 'हे हे करून बघितलंय' म्हणणाऱ्याचं काम लवकर होतं.

दुरुस्त झालं, पण संपलं नाही

पीसी नीट झाला म्हणून आनंद झाला, पण खरं काम पुढे होतं. त्या चार दिवसांत त्या मशीनवर भरलेल्या फॉर्मचं काय? त्यातला कुठला आकडा बदललाय, हे मशीन सांगणार नव्हतं.

दोघं बसलो. एकेक पावती उघडली. गट नंबर, क्षेत्र, खाते क्रमांक, आयएफएससी, सगळं सातबारा आणि पासबुकाशी ताडून बघितलं. एक वाचायचा, दुसरा बघायचा. रात्रीचे दोन वाजले. आकडे सगळे जुळले. तीन स्कॅन मात्र अर्धवट फाटलेले निघाले, खालचा भाग नुसता करडा. त्या तिघांना सकाळी फोन करून बोलावलं आणि मुदतीच्या आत परत अपलोड केलं.

नसतं बघितलं तर? विमा लागायची वेळ आल्यावर 'कागद वाचता येत नाही' असं कळलं असतं, आणि तेव्हा त्या माणसाच्या हातात काहीच नसतं. म्हणून सांगतो, नवा पीसी जोडला की पहिल्याच रात्री मेमटेस्ट लावा. त्यावर कुणाचंही काम घेण्याआधी. आम्ही पेढे आधी वाटले आणि चाचणी नंतर केली.

लातूरच्या दुकानदाराला परत फोन केला. चूक माझी होती, कूलर मीच वाकडा बसवला होता, असं सांगितलं. तो हसला. म्हणाला, "निम्मे लोक रॅम बदलून न्यायला येतात आणि रॅम चांगली असते."

स्क्रीनशॉट काढून ठेवायचं असेल तर

१. त्या पीसीवर महत्त्वाचं काम लगेच थांबवा.
२. वायर काढून रॅम परत बसवा, स्लॉट बरोबर आहेत का बघा.
३. एक्सएमपी बंद करा.
४. मेमटेस्ट-८६ प्लस, निदान चार फेऱ्या. एक चूक म्हणजेही नापास.
५. एकेक स्टिक, एकेक स्लॉट. निकाल वहीत लिहा.
६. चूक स्टिकसोबत फिरली तर स्टिक बदला. स्लॉटपाशी थांबली तर कूलर, सॉकेट, मग बोर्ड.
७. नीट झाल्यावर मधल्या दिवसांतल्या फाईली तपासा.

फोनवाल्यांसाठी एक शेवटचं. तुमच्या फोनातली रॅम बोर्डालाच जोडलेली असते, तिला काढून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावता येत नाही. त्यामुळे फोन वारंवार आपोआप बंद-चालू व्हायला लागला तर आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या, मग दुकानात द्या.

तुमच्याकडे असं काही झालं असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा. शेवटी चूक कुणाची निघाली, तेही सांगा. माझी मी सांगितली आहे. भेटू पुढच्या भागात!